'सध्या काय वाचता?' : वाचननोंदीच्या वाङ्मयीन स्वरूपाचा विचार

'सध्या काय वाचता?' हा प्रश्न दोन वाचक भेटले की सहज विचारला जातो आणि त्याचे उत्तरही तितक्याच सहजपणे दिले जाते. समीक्षेने मात्र या प्रश्नोत्तराकडे कधी गांभीर्याने पाहिलेले नाही. वाचकाने आपल्या वाचनाविषयी केलेले कथन ही आपल्याकडे फार तर गप्पांची, नाही तर 'वाचनसंस्कृती' नामक चिंतेची बाब मानली जाते. या दुसऱ्या प्रकाराची परंपरा मोठी आहे. लोकहितवादींनी १८४८ ते १८५० या काळात लिहिलेल्या शतपत्रांतून आपल्या लोकांच्या ग्रंथांविषयीच्या अनास्थेबद्दल जो खेद व्यक्त होतो, तोच थोड्याफार शब्दभेदाने आजच्या उद्घाटनपर भाषणांतही ऐकू येतो. पावणेदोनशे वर्षे एखादा समाज सतत 'वाचन कमी होत चालले आहे' असेच म्हणत असेल, तर त्या विधानाचा वाचनाच्या वस्तुस्थितीशी फारसा संबंध नसावा, अशी शंका घेण्यास जागा आहे. ते विधान वाचनाविषयी नसून वाचनाच्या प्रतिष्ठेविषयी असते. प्रस्तुत लेखात या चिंतेचा विचार करावयाचा नाही. वाचणारी माणसे आपल्या वाचनाची जी नोंद करतात आणि ती एकमेकांना सांगतात, त्या नोंदीला काही वाङ्मयीन रूप असते काय, आणि समीक्षेला तिचा कोणता उपयोग होऊ शकतो, एवढाच प्रश्न येथे आहे.

वाचकाची दखल साहित्यशास्त्राने घेतलेली नाही असे म्हणता येणार नाही. भारतीय काव्यशास्त्रातील 'सहृदय' ही संकल्पना मूलतः वाचक-प्रेक्षकाचीच संकल्पना आहे. काव्याच्या अनुशीलनाने आणि अभ्यासाने ज्याचे मनरूपी दर्पण स्वच्छ झाले आहे, तो सहृदय, असे अभिनवगुप्त म्हणतो. या लक्षणातील 'अनुशीलन' आणि 'अभ्यास' या शब्दांकडे आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही. सहृदयता ही जन्मसिद्ध देणगी नसून ती सवयीने, पुन्हा पुन्हा केलेल्या वाचनाने घडते, असे येथे स्पष्टपणे सुचविलेले आहे. परंतु हे अनुशीलन प्रत्यक्षात कसे घडते, कोणत्या ग्रंथांनंतर कोणते ग्रंथ येतात, कोण ते हाती देतो, कोठे अडखळायला होते, याविषयी काव्यशास्त्र मौन पाळते. दर्पण स्वच्छ झाल्यावरच त्याची चर्चा सुरू होते.

पाश्चात्त्य वाचककेंद्री सिद्धान्तांचीही गत फारशी वेगळी नाही. हान्स रॉबर्ट याऊस याने १९६७ मधील कॉन्स्टान्झ येथील व्याख्यानातून 'अपेक्षाक्षितिज' ही संकल्पना पुढे आणली. वोल्फगांग ईझर याने संहितेतच अनुस्यूत असलेल्या 'अभिप्रेत वाचका'ची मांडणी केली. स्टॅन्ली फिश याने १९७६ मध्ये 'अर्थनिर्णयन करणारे समूह' अशी कल्पना मांडून वाचकाला एकाकीपणातून बाहेर काढले. आपल्या विद्यापीठांतील अभ्यासक्रमांत ही नावे आता रुळलेली आहेत. पण ईझरचा वाचक म्हणजे संहितेने रिकामी ठेवलेली एक जागा. तो लोकलच्या डब्यात उभा नसतो आणि त्याला पुस्तक परत करण्याची तारीखही नसते. मराठीत या सिद्धान्तांचे जे उपयोजन झाले, त्यात बहुधा समीक्षक स्वतःच अभिप्रेत वाचकाच्या खुर्चीवर जाऊन बसतो आणि 'वाचकाला येथे असे जाणवते' अशी वाक्ये लिहितो. हा वाचक कोण, असे कोणी त्याला विचारीत नाही.

रॉबर्ट डार्न्टन या इतिहासकाराने १९८६ मध्ये वाचनाच्या इतिहासाची प्राथमिक दिशा सुचविताना असे म्हटले होते, की कोणी, काय, कोठे आणि केव्हा वाचले हे शोधणे तुलनेने सोपे आहे. का आणि कसे वाचले हे शोधणे अवघड. हे 'का' आणि 'कसे' ज्या थोड्या ठिकाणी आपसूक सापडते, त्यांपैकी एक ठिकाण म्हणजे वाचकांची आपसांतील बोलणी. म्हणूनच आरंभीच्या प्रश्नाकडे परत यावयास हवे.

या प्रश्नातला महत्त्वाचा शब्द 'काय' हा नाही. 'सध्या' हा आहे. समीक्षा नेहमी वाचून संपलेल्या संहितेविषयी बोलते. आरंभ, मध्य आणि शेवट ठाऊक असलेल्या जागेवरून ती मागे वळून पाहते. 'सध्या वाचतो आहे' असे सांगणारा मनुष्य मात्र मध्येच उभा असतो. पुढे काय होणार हे त्याला ठाऊक नाही. त्याचे मत अजून बनलेले नाही. कदाचित तो पुस्तक उद्या बाजूलाही ठेवील. संहितेतून सरकत जाणाऱ्या ज्या दृष्टिबिंदूचे वर्णन ईझर करतो, त्याचा प्रत्यक्ष पुरावा मिळाला तर तो या अर्ध्यावरच्या बोलण्यातच मिळेल. मराठी कादंबरीच्या बाबतीत तर हा मुद्दा ऐतिहासिक दृष्ट्याही महत्त्वाचा आहे. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः आली. तिच्या पहिल्या वाचकांपुढे संपूर्ण कादंबरी नव्हतीच. आठवडाभर ते सगळे 'सध्या'च्याच अवस्थेत असत, आणि पुढच्या अंकापर्यंतचा काळ बोलण्यानेच भरला जाणार. आपण आज जिला एकसंध कलाकृती मानून तिच्या घाटाची चिकित्सा करतो, ती त्यांच्यासाठी एक लांबलेला संवाद होती. घाटाविषयीची आपली कित्येक विधाने या फरकाची जाणीव ठेवून पुन्हा तपासावी लागतील.

असे बोलणे विरून जाते, ही अडचण खरी आहे. पण ते सर्वच विरते असे नाही. त्याचा एक दुर्लक्षित साठा आपल्या सार्वजनिक वाचनालयांतील पुस्तकांच्या शेवटच्या कोऱ्या पानांवर आहे. प्रस्तुत लेखकाचे वास्तव्य शहाडचे. कल्याणच्या पुढे कसाऱ्याच्या मार्गावरील हे पहिले स्थानक. सेंच्युरी रेयॉनचा कारखाना आणि बिर्लांनी बांधलेले विठ्ठलमंदिर या त्याच्या दोन खुणा. येथल्या वाचकाला मोठ्या ग्रंथसंग्रहासाठी कल्याणला जावे लागते. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, म्हणजे लोहमार्ग कल्याणला पोचल्यानंतर दहा वर्षांनी निघालेले. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. डोंबिवलीत पै फ्रेंड्स लायब्ररीसारखे खाजगी वाचनालय १९८६ पासून चालत आलेले आहे. मुंबईच्या नोकरीशी लोकलने बांधलेल्या या पट्ट्यातील वाचन बऱ्याच अंशी उसन्या पुस्तकांचे आणि तुकड्यातुकड्यांच्या वेळेचे वाचन आहे, आणि त्याच्या खुणा पुस्तकांवर राहतात.

'पुस्तकावर लिहू नये' असा शिक्का जेथे असतो, तेथेच त्याखाली पेन्सिलीने 'अवश्य वाचा' असे लिहिलेले असते. त्याखाली दुसऱ्या अक्षरात 'वेळ फुकट' आणि त्याखाली तिसऱ्याचे 'तुम्हाला कळले नाही'. रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर खुन्याचे नाव लिहून ठेवणारा दुष्ट वाचक प्रत्येक वाचनालयात एक तरी असतोच. ही शेरेबाजी विनोदी वाटते, पण तिच्यात काही नियम आहेत. शेरा देणारा स्वतःचे नाव लिहीत नाही. तो पुढच्या वाचकाला उद्देशून लिहितो, लेखकाला क्वचितच. तो अर्थ सांगत नाही, निवाडा सांगतो; आणि निवाड्याला कारण देण्याची त्याला गरज वाटत नाही, कारण पुस्तक समोरच्याच्या हातात आहे. 'तुम्हाला कळले नाही' या उत्तरात तर एक संपूर्ण वाचकसमूह सूचित होतो, ज्यात कळणे आणि न कळणे यांची काही समान कसोटी आहे असे गृहीत धरलेले असते. फिशची कल्पना समजावून सांगण्यासाठी याहून सोपे उदाहरण मला वर्गात सापडलेले नाही. पुस्तकाला चिकटविलेल्या तारखांच्या चिठ्ठीवरून आणखी एक गोष्ट समजते. बाबुराव अर्नाळकर, बाबा कदम, सुहास शिरवळकर यांच्या पुस्तकांवर चिठ्ठीवर चिठ्ठी डकविलेली, आणि आमच्या अभ्यासक्रमातील मान्यवर कादंबऱ्यांवर दोन-चार तारखा. यावरून मान्यवर कादंबऱ्या कमी दर्जाच्या ठरत नाहीत. पण मराठी वाचकाची अभिरुची म्हणून आपण जे काही गृहीत धरतो, ते या चिठ्ठ्या पाहिल्याशिवाय गृहीत धरू नये. संगणकीय नोंदणी आलेल्या वाचनालयांत चिठ्ठ्या आता लावल्या जात नाहीत, आणि जीर्ण प्रती बाद होताना शेरेही रद्दीत जातात. कोणा संशोधकाने हे काम हाती घ्यावयाचे असेल तर फार वेळ उरलेला नाही.

वाचननोंद हा वाङ्मयप्रकार म्हणून मराठीत सर्वांत जाणीवपूर्वक कोणी हाताळला असेल तर तो सतीश काळसेकर यांनी. 'वाचणाऱ्याची रोजनिशी' हे त्यांचे पुस्तक २०१० मध्ये लोकवाङ्मय गृहाने प्रसिद्ध केले आणि २०१३ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. लघुअनियतकालिकांच्या चळवळीतून आलेल्या, 'इंद्रियोपनिषद', 'साक्षात', 'विलंबित' अशा संग्रहांच्या कवीला हा सन्मान कवितेसाठी न मिळता वाचनाच्या नोंदींसाठी मिळाला, ही घटना आपल्या समीक्षेने जवळजवळ न बोलता मागे टाकली.

या ग्रंथाचे शीर्षक बारकाईने पाहण्याजोगे आहे. काळसेकरांनी 'वाचक' हा तयार शब्द घेतलेला नाही. 'वाचक' ही एक स्थिर पदवी आहे. प्रकाशकाच्या निवेदनात आणि संपादकीयात ती आढळते. 'वाचणारा' या कृदन्तात क्रिया चालू आहे. वाचन थांबले की तो वाचणारा राहत नाही. शिवाय मराठीत 'वाचणे' म्हणजे जगून राहणेही. हे दोन शब्द मुळात वेगळे. जुन्या लेखनपद्धतीत जीव वाचण्याच्या 'वांचणे'वर अनुस्वार असे, आणि १९६२ च्या लेखनविषयक नियमांनंतर असे व्युत्पत्तिसिद्ध अनुस्वार गेल्यावर दोन्ही शब्द डोळ्यांनाही सारखेच दिसू लागले. तगून राहणाऱ्याची रोजनिशी, असाही या शीर्षकाचा ध्वनी आहे, आणि चळवळीतील मित्र एकामागून एक गमावलेल्या पिढीतील कवीने तो ऐकलाच नसेल असे मला वाटत नाही. 'रोजनिशी' हा शब्दही सूचक आहे. फडणीस, चिटणीस यांच्यातला 'नीस' आणि रोजनिशीतला 'निशी' यांचे मूळ एकच, फारसीतील 'लिहिणे'. रोजनिशी हे दप्तराचे साधन. पेशव्यांच्या रोजनिशींत हिशेब, हुकूम, नेमणुका असतात, अंतःकरणाचे कबुलीजबाब नसतात. इंग्रजी वळणाच्या 'डायरी'त जो आत्मपर खाजगीपणा असतो तो येथे अपेक्षितच नाही. काळसेकरांची नोंद ही दप्तरी अर्थाने रोजनिशी आहे: आलेले काय, गेलेले काय, कोणाकडून आले, कोणाला दिले.

या दप्तरीपणातच तिचे सामर्थ्य आहे. पुस्तक हाती कसे पडले हे सांगितल्याशिवाय काळसेकर सहसा पुस्तकाविषयी बोलत नाहीत. लहान प्रकाशक, विक्रेते, दूरच्या गावचे मित्र, अन्य भारतीय भाषांतील कवी हे सारे त्या नोंदीत येतात, आणि कोणतेही वाचन एकट्याने होत नाही हे सिद्धान्ताची एकही परिभाषा न वापरता वाचकाच्या लक्षात येते. पण या रोजनिशीची एक मर्यादाही नोंदविली पाहिजे. तिच्यात नकार विरळ आहे. न आवडलेले, अर्ध्यावर टाकलेले, कंटाळ्याने मिटलेले पुस्तक तेथे फारसे भेटत नाही. जिव्हाळा हा काळसेकरांचा स्वभाव होता, हे खरे. परंतु नकारांवाचून अभिरुचीची सीमारेषा दिसत नाही, आणि वाचनाची नोंद शिफारशीकडे झुकू लागते.

याच्या उलट टोकाला जी. ए. कुलकर्णी यांची पत्रे आहेत. धारवाडात राहून इंग्रजी शिकविणाऱ्या जीएंनी सुनीता देशपांडे यांना लिहिलेली पत्रे त्यांच्या मृत्यूनंतर, म्हणजे १९८७ नंतर, पुस्तकरूपाने आली. 'सध्या काय वाचता?' या प्रश्नाचे इतके दीर्घ, लहरी, तीक्ष्ण आणि पदराला खार लावून दिलेले उत्तर मराठीत दुसरे नसेल. तेथे नकार भरपूर आहे. मान्यवरांविषयीची अधीरता आहे. एखाद्या दुय्यम समजल्या गेलेल्या लेखकाविषयीचे हट्टी प्रेमही आहे. हे शक्य होते कारण समोर एकच वाचक आहे आणि तो आपल्या तोडीचा आहे याची खात्री आहे. काळसेकरांपुढे नियतकालिकाचा अनोळखी वाचक आहे, म्हणून ते आतिथ्यशील होतात. जीएंपुढे एक ओळखीचे मन आहे, म्हणून ते निर्भय होतात. वाचननोंदीचा स्वर ती कोणाला सांगितली जाते यावर ठरतो, पुस्तकावर नव्हे. या प्रकाराच्या काव्यशास्त्राचे पहिले सूत्र मांडावयाचे झाले तर ते हेच ठरेल.

आज हे सांगणे मुख्यतः भ्रमणध्वनीच्या पडद्यावर होते. तेथे श्रोता एक नसतो आणि पूर्ण अनोळखीही नसतो. सहकारी, नातलग, जुने वर्गमित्र, कधी स्वतः लेखकही ऐकत असतो. अशा मिश्र श्रोत्यांपुढे जीएंचा निर्भयपणा टिकणे कठीण. त्यामुळे या नोंदींत यादी वाढते आणि वाचन आटते. वर्षभरात किती पुस्तके झाली याचा आकडा, पुस्तकांच्या उतरंडीचे छायाचित्र, आणि 'अप्रतिम' हे एकच विशेषण. याला आत्मप्रदर्शन म्हणून झिडकारणे सोपे आहे. मला ते पुरेसे वाटत नाही. पोथी वाचून झाल्यावर तिचे उद्यापन करणाऱ्या समाजात वाचन पूर्ण झाल्याची जाहीर घोषणा ही काही नवी गोष्ट नाही. नवे आहे ते हे, की वाचनालयाच्या शेवटच्या पानावर 'वेळ फुकट' लिहिणारा निनावी मनुष्य या पडद्यावर मागे हटला आहे. याला एक अपवाद डोंबिवलीत अलीकडे भरलेल्या पुस्तक आदान-प्रदान मेळ्यांत पाहावयास मिळतो. आपले वाचून झालेले पुस्तक द्यावयाचे आणि दुसऱ्याचे घ्यावयाचे, अशी तेथील रीत. लोक काय ठेवू इच्छित नाहीत, याची इतकी प्रामाणिक यादी कोणी पडद्यावर लिहिणार नाही.

पदव्युत्तर वर्गात 'सध्या काय वाचता?' असे विचारले की आंबिवली-टिटवाळ्याकडून येणारे विद्यार्थी बहुधा 'काही नाही' असे उत्तर देतात. थोडे खोदून विचारल्यावर कळते, की स्पर्धापरीक्षेसाठी रोज चार-चार तास ते छापील मजकुरात बुडालेले असतात. 'पण सर, ते वाचन नाही, अभ्यास आहे.' अभिनवगुप्ताने सहृदयतेचे साधन म्हणून वापरलेला शब्द येथे वाचनाच्या विरुद्धार्थी झालेला आहे. काय वाचले हे सांगण्यापूर्वी कशाला वाचन म्हणावयाचे याचा निवाडा सांगणाऱ्याने आधीच केलेला असतो, आणि तो निवाडा त्याचा एकट्याचा नसतो.

जॅनिस रॅडवे हिने १९८४ मध्ये प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्या अमेरिकन गृहिणींचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात वाचलेल्या मजकुराइतकीच वाचायला बसण्याची कृती महत्त्वाची ठरली. पुस्तक उघडणे म्हणजे घरातल्यांना 'आता माझा वेळ माझा' असे सांगणे होते. आपल्याकडील साक्षी याहून अवघड आहेत. रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) मध्ये पतीच्या इच्छेने चाललेले शिक्षण आणि त्यापायी घरातील बायकांचा ओढवलेला रोष यांची हकीकत आहे. तेथे पुस्तक उघडणे म्हणजे स्वतःचा वेळ मिळविणे नव्हते. दोन आज्ञांच्या मध्ये सापडणे होते. 'जिणं आमुचं' (१९८६) लिहिणाऱ्या बेबी कांबळे यांनी तर आपल्या अनुवादक माया पंडित यांना दिलेल्या मुलाखतीत सांगितले आहे, की फलटणच्या दुकानात माल बांधून देण्यासाठी आणलेल्या रद्दीतले कागद त्या वाचीत, आणि आपले लेखन त्यांनी घरातल्यांपासून कित्येक वर्षे लपवून ठेवले. हे वाचन कोणत्याही वाचनालयाच्या नोंदवहीत नाही. त्याला पुस्तकाचे नाव नाही, लेखक नाही, पहिले पान नाही आणि शेवटचेही नाही. गिऱ्हाईक आले की कागदाचा पुडा होतो आणि मजकूर त्याच्याबरोबर निघून जातो. त्या काळात कोणी बेबीताईंना 'सध्या काय वाचता?' असे विचारले असते, तर त्यांनी उत्तर दिले असते की नाही हे सांगता येत नाही. पण विचारणारे कोणी नव्हते.